शहाणीला नापास करा

आमच्याकडे जुळी आहेत. एक मुलगा, एक मुलगी. मुलगा आधी जन्माला आला आणि तेव्हापासून प्रत्येक रांगेत तोच पुढे आहे. त्याला घरात भुंगा म्हणतात, कारण तो बसत नाही आणि चुकून बसलाच तर गुणगुणतो. मुलीला शहाणी म्हणतात. का, ते विचारायची कुणाला गरज वाटलेली नाही. जी मुलगी रडत नाही, मागत नाही, फ्रॉक मळवत नाही, तिला आणखी काय म्हणायचं?

भुंग्याचं निदान अगदी थाटामाटात झालं. शाळेत तो पडद्याला लोंबकळून पडद्यासकट खाली आला, उचलायला गेलेल्या शिपायाला चावला आणि मुख्याध्यापिकेच्या खोलीत नेऊन बसवला तर तिथलं घड्याळ उघडून बसला. अख्खी शाळा धावली. वर्गशिक्षिका धावल्या, आम्ही धावलो, आणि ज्यांची वेळ मिळता मिळत नाही त्या मोठ्या डॉक्टरांची वेळसुद्धा धावत आली. ऑटिझम, सोबत चंचलपणा. त्याला शिकवायला वेगळ्या बाई मिळाल्या, खिडकीजवळची खुर्ची मिळाली, चावायला रबरी कडं मिळालं, आणि पुढच्या वर्षासाठी मोजक्या मुलांच्या लहान वर्गात जागा मिळाली. माझी तक्रार नाही. त्याला हवंच होतं ते. नवरा म्हणाला, "पोराने चावून चावून हक्क मिळवले."

शहाणी कुणाला चावली नाही. चूक झाली ती तिथेच.

ती शाळेतून येते, बूट काढून जागेवर ठेवते आणि पलंग आणि कपाटाच्या मधल्या फटीत जाऊन बसते. संध्याकाळभर एक शब्द नाही. मग आंघोळीच्या वेळी न्हाणीघराचं दार लावून आरशासमोर दिवसभराचं बोलणं पुन्हा बोलते. बाईंचं वाक्य बाईंच्या आवाजात, बाकावरच्या मैत्रिणीचं तिच्या आवाजात. शेवटी हसण्याचा सराव. एकदा हसते, थांबते, पुन्हा हसते. दुसऱ्यांदा जरा बरं जमतं. मी दाराबाहेर कपड्यांची बादली घेऊन उभी असते. वर्गात सगळ्या हसल्या की ही आधी शेजारणीचं तोंड बघते आणि मग हसते, म्हणजे इतरांचं आवरत आलं की हिचं सुरू. ताटाशेजारी पेला आणि वाटी एका ठरलेल्या क्रमाने लागते. एकदा गडबडीत मी ती उलटी ठेवली, तर बाईसाहेब टेबलाखाली गेल्या त्या जेवण उलटून गेलं तरी बाहेर येईनात. आणि अलीकडे तिची डावी भुवई विरळ व्हायला लागली होती. ती एकेक केस उपटून काढत होती, अगदी नीटनेटकेपणाने, आणि उपटलेले केस खिशात ठेवत होती. कचरा करू नये म्हणून.

मी वर्गशिक्षिकांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो भुंग्याच्या आई, ती तर माझ्या वर्गातलं रत्न आहे. अशी वर्गभर मुलं द्या मला, मी पगारसुद्धा मागणार नाही." दोघांना एकाच दिवशी जन्म दिला, पण शाळेत मी फक्त भुंग्याची आई आहे.

नवऱ्याला सांगितलं. "भुंग्याच्या प्रकरणानंतर तुला जिकडेतिकडे तेच दिसतं," तो म्हणाला. "उद्या तू मांजरालाही तपासायला नेशील."

सासूबाईंना सांगितलं. "मुलीची जात शांतच असते," त्या म्हणाल्या. "मी लहानपणी दिवसचे दिवस माळ्यावर बसून असायचे. मला कुणी नेलं डॉक्टरकडे?"

नाही नेलं, आई, तोच तर मुद्दा आहे, असं मी मनात म्हटलं. मनात म्हणायची वाक्यं माझ्याकडे भरपूर साठली आहेत.

मग मोठे डॉक्टर. भुंग्याच्या तपासणीला गेलो तेव्हा मी शहाणीचा विषय काढला. त्यांनी एक नजर तिच्याकडे टाकली. ती पाय जुळवून, हात मांडीवर ठेवून बसली होती.

"हे मुलग्यांमध्ये जास्त असतं," डॉक्टर म्हणाले.

"असतं, की दिसतं?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "काय करता आपण?"

"पाणी तपासते. प्रयोगशाळेत."

"मग पाण्याचं तुम्ही बघा," ते हसून म्हणाले. शेजारचा मदतनीसही हसला. शहाणीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग तीही हसली. डॉक्टर म्हणाले, "बघा, किती मिळूनमिसळून आहे."

पाण्याचं मी बघतेच. आमच्याकडे बाटल्या येतात. गढूळ बाटलीला तपासणीची फारशी गरजच नसते, आणणाराच नाक मुरडून आणतो. पगार मिळतो तो नितळ बाटलीसाठी. काचेसारखं पाणी, वास नाही, रंग नाही, आणि तरी तेवढ्याच चाचण्या लावायच्या. नितळ दिसतंय म्हणून शिक्का मारला असता तर आत्तापर्यंत अर्धं गाव आजारी पडलं असतं. हे मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "वा, छान," आणि पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली.

पण मी चिवट आहे. मी जात राहिले, फोन करत राहिले, दाराशी बसत राहिले. शेवटी मला टाळायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणून त्यांनी चाचणीची तारीख दिली. "एकदा करून टाकू," ते म्हणाले, "म्हणजे तुमचं समाधान होईल." आजार मुलीचा होता की माझ्या समाधानाचा, कोण जाणे.

मला घाई होती त्याचं कारण साधं होतं. पुढच्या वर्षी शाळा सगळ्या तुकड्या एकत्र करून मोठ्या सभागृहात बसवणार होती. छत उंच, फरशी गुळगुळीत, एक पट्टी पडली तरी चारी भिंती बोंबलतात. पालकसभेला मी तिथे उभी राहिले तर माझंच डोकं घणघणलं. भुंगा लहान वर्गात जाणार होता. चाचणीचा निकाल तसा लागला तरच शहाणीला त्याच्या शेजारी जागा, नाही तर सभागृह. आणि ही संधी हुकली तर पुढची पाळी शाळा सुरू होऊन गेल्यावर. तोवर तिच्या दोन्ही भुवया खिशात गेल्या असत्या.

म्हणजे माझ्या मुलीने नापास व्हावं म्हणून मी देव पाण्यात घालून बसले होते.

आणि नेमकं नवऱ्याने जेवताना सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "शनिवारी शहाणीची परीक्षा आहे."

झालं. सासूबाईंनी घास खाली ठेवला. सासूबाईंनी उभा जन्म शिकवण्या घेतल्या आहेत. ढ मुलं, टारगट मुलं, दोनदा घसरलेली मुलं. त्यांच्या हाताखालून गेलेलं पोर नापास झाल्याची नोंद नाही. आता स्वतःच्या नातीची परीक्षा, आणि ती बिनतयारीची जाणार? दुसऱ्या दिवसापासून बैठकीत तालीम सुरू झाली.

"नाव विचारलं की काय करायचं?"

"डोळ्यांत बघून सांगायचं."

"आणि डोळ्यांत बघवलं नाही तर?"

"कपाळाकडे बघायचं."

"शाब्बास. समोरच्याला पत्ता लागत नाही."

मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. "आई, हे तुम्हाला कसं माहीत?"

"त्यात काय माहीत असायचंय? मी आयुष्यभर तसंच बघते," त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या. म्हणजे, माझ्या कपाळाकडे.

"आई, तिला काही शिकवू नका ना. तिथे ती जशी आहे तशी दिसायला हवी."

"जशी आहे तशी? परक्या लोकांसमोर?" सासूबाईंना खरोखर धक्का बसला. "अगं, तू कॉलेजात नक्की काय शिकलीस?"

शनिवारी सकाळी मी भुंग्याचे मोजे शोधत होते. तेवढ्या वेळात सासूबाईंनी शहाणीला इस्त्रीचा फ्रॉक घातला, केस चापूनचोपून बांधले आणि भुवईच्या पेन्सिलीने डावी भुवई अशी काही भरून काढली की उजवीलाच कमीपणा वाटावा. पुसते म्हटलं तर शहाणी दोन पावलं मागे सरली. चेहऱ्याला ओला रुमाल लागलेला तिला सोसत नाही. नवरा भुंग्याला सांभाळायला घरी राहिला आणि आम्ही तिघी निघालो. घरातलं आणखी एक मोठं माणूस आणा, असा निरोप होता. सासूबाई आपल्यालाच बोलावणं आल्यासारख्या पुढे चालत होत्या.

चाचणीची खोली लहान होती. भिंतीवर हसरे मासे रंगवलेले, मध्ये बुटकं टेबल, बुटक्या खुर्च्या, आणि भिंतीला टेकून दोन उंच खुर्च्या आम्हा दोघींसाठी. चाचणी घेणाऱ्या बाई तरुण होत्या, गळ्यात ओळखपत्र, आवाजात मध.

"नाव काय तुझं?"

शहाणीने बाईंच्या कपाळाकडे बघून खणखणीत नाव सांगितलं. सासूबाईंनी मला कोपर मारलं.

मग बाईंनी मला प्रश्न वाचून दाखवले. "गाड्या ओळीत लावतो का? चाकं फिरवत बसतो का? पंख्याकडे टक लावतो का? रेल्वेचं वेळापत्रक वगैरे पाठ आहे का?"

"मुलगी आहे," मी म्हटलं.

"हो हो, छापील आहे, तुम्ही तसं धरून चाला."

"वेळापत्रक नाही. पण वर्गातल्या कुठल्या मुलीने कुठल्या वारी कुठली क्लिप लावली होती ते पाठ आहे. वर्षभराचं."

"अय्या, किती गोड!" बाई म्हणाल्या, आणि 'नाही'वर खूण केली.

मग खेळ. भिंतीतल्या कपाटात एका फळीवर ठोकळे आणि गाड्या होत्या, दुसऱ्या फळीवर बाहुल्या आणि चहाचा सेट. भुंग्याला वरची फळी मिळाली होती. त्याने ठोकळ्यांची ओळ लावली, बाईंनी एक ठोकळा हलवला, त्याने छत डोक्यावर घेतलं, निदान पक्कं. शहाणीला खालची फळी मिळाली.

तिने कप मांडले. कान सगळे एका दिशेला. बाहुल्या बसवल्या. आणि सुरू झाली.

"अगंबाई, या या! वाट चुकलात की काय? बसा ना, पाय वर घेऊन बसा. किती बारीक झालात! साखर किती? एवढीच? शुगर आहे का तुम्हाला?" मग खो खो करून खोकली. "आमचं काय, चाललंय आपलं ढकलगाडीसारखं. गुडघे तेवढे ऐकत नाहीत."

बाई विरघळल्या. "खोकतेसुद्धा किती गोड! काय कल्पनाशक्ती आहे!"

कसली कल्पनाशक्ती? ती माझी थोरली नणंद होती. गुडघ्यांसकट, खोकल्यासकट. दर रविवारी येते, हेच बोलते, याच क्रमाने.

"बाई, हे तिचं बोलणं नाहीये," मी म्हटलं.

"आई, प्लीज. मध्ये बोलायचं नाही." बाईंनी काहीतरी लिहिलं. ते माझ्याविषयी होतं, हे मला इथूनही दिसलं.

टेबल माझ्या पायापासून हातभर अंतरावर होतं. मला फक्त बोटाने एका कपाचा कान फिरवायचा होता. पुढचं सगळं मला ठाऊक होतं. ती थांबली असती, ओठ पांढरे झाले असते, आणि ती टेबलाखाली गेली असती. बाईंना हवा तो पुरावा, सभागृह रद्द. मी पाय पुढे सरकवला. तेवढ्यात तिच्या बुटांकडे लक्ष गेलं. कातड्याखाली बोटं आकसून घट्ट धरलेली, पुढचा भाग वर आलेला. वर आवाज नणंदेचा, बिनघोर. खाली पाय दोरावरून चालल्यासारखे. केवढी मेहनत करत होती पोर, आणि कुणासाठी? आमच्यासाठी. ती मोडते हे सिद्ध करायला मीच तिला मोडायचं? प्रयोगशाळेत मी बाटलीत थेंब टाकते तेव्हा बाटली माझ्याकडे बघत नाही.

मी पाय मागे घेतला. गेलं सभागृहात पोर, असं वाटून डोळे भरले. सासूबाईंना वाटलं, मी अभिमानाने रडतेय.

"खरं सांगू का," बाई वही मिटत मला म्हणाल्या, "इतकं सुरेख बोलणारं मूल मी क्वचितच बघते. तुम्हीच जरा कुणाशी बोललात तर..."

"आता परत साखर विचारेल बघा," सासूबाई कौतुकाने कुजबुजल्या.

"साखर किती?" शहाणीने दुसऱ्या बाहुलीला विचारलं.

बाई हसल्या आणि बाहुलीच्या आवाजात म्हणाल्या, "मला चहाच नको. मला झोप आलीय."

"एवढीच? शुगर आहे का तुम्हाला?" शहाणी म्हणाली. आणि खोकली.

"माझं घर जळतंय!" बाई गमतीने म्हणाल्या.

"आमचं काय, चाललंय आपलं ढकलगाडीसारखं."

सासूबाईंना आता राहवेना. "बघितलंत? कितीही फाटे फोडा, पोरगी घसरायची नाही! अहो, बाहुल्या बसवल्या की दर वेळी हेच म्हणते. एक शब्द इकडचा तिकडे होणार नाही. मला विचारा, मी तिच्याआधी म्हणून दाखवते."

बाईंचं हसू थोडं कमी झालं. "दर वेळी? अगदी हेच?"

"अगदी हेच! आणि शिस्त किती! कप असेच लागणार. कुणी हलवला तर बसेल टेबलाखाली, पण तडजोड म्हणून करायची नाही. आजकालच्या पोरांना आहे का एवढा बाणेदारपणा? हसायचं कसं ते आरशासमोर रोज घोटते. रोज! मी कधी सांगितलं नाही, मनानेच. तुमच्या कपाळाकडे बघत होती ते तेवढं मी शिकवलं."

"कपाळाकडे?"

"हो मग! शिकवल्याशिवाय कसं यायचं? आपणहून ती कुणाच्या डोळ्यांत बघतच नाही. आणि ही भुवई," सासूबाई उठल्याच, "ही माझ्या हातची बरं का. उपटून उपटून टक्कल केलं होतं तिने. आता सांगा, कळतंय कुठे?"

भिंतीवरचे मासे तेवढे हसत होते. शहाणी चहा ओतत होती.

बाईंनी मिटलेली वही पुन्हा उघडली. खुर्ची ओढून त्या सासूबाईंच्या समोर बसल्या. "आजी, जरा पहिल्यापासून सांगता?"

आणि आजींनी सांगितलं. सगळं. पलंगाची फट, क्लिपा, खिशातले केस. यातला एकही शब्द नवा नव्हता. हाच पाढा मी वर्षभर दारोदार म्हटला होता. मी तक्रार म्हणून सांगितलं तेव्हा ती आईची काळजी होती. सासूबाईंनी कौतुक म्हणून सांगितलं, तर लिहायला पान पुरेना.

मोठ्या डॉक्टरांना बोलावण्यात आलं. त्यांनी वही वाचली, शहाणीला निरखलं, मान डोलावली.

"मला पहिल्यापासून शंका होतीच," ते म्हणाले. "मुलींमध्ये हे झाकलेलं राहतं, मॅडम. त्या निभावून नेतात. त्यामुळे लक्षात येत नाही." ते मला समजावून सांगत होते, सावकाश, माझ्या डोक्यात शिरेल अशा बेताने. "लहान वर्गाची शिफारस करतो. पण इतका उशीर का केलात?"

मनात म्हणायच्या वाक्यांत आणखी एक जमा झालं. जागा मिळत होती, त्यामुळे मी तोंडाला कुलूप घातलं.

सासूबाईंना मात्र अर्थ कळायला दरवाजापर्यंत यावं लागलं. "म्हणजे नापास केली?" त्या माझ्यावर वळल्या. "माझ्या नातीला? माझ्या तोंडून काढून घेऊन?"

"आई, तुमच्यामुळे तिला जागा मिळाली."

"मी कौतुक सांगत होते! कौतुक कधीपासून लिहून घ्यायला लागले हे लोक?" त्यांचा आवाज चिरकला. "पलंगाच्या फटीत बसलं, म्हणजे आजार? मग मी काय..." आणि वाक्य तिथेच सोडून त्या पुढे चालायला लागल्या. मी त्यांना हाक मारली नाही. माळ्यावर बसलेल्या मुलीला खाली ये म्हणायचं कसं, ते मला माहीत नव्हतं.

बाहेर दवाखान्याचा लांबलचक व्हरांडा होता. दोन्ही बाजूंना दारं, माणसांची ये-जा. शहाणीने माझी बाही ओढली.

"संपलं?"

"संपलं."

"आता कुणाशी बोलायचंय?"

"नाही."

"हसायचंय?"

"नाही गं. काहीच नाही करायचं."

तिने खात्री करून घेतल्यासारखं इकडेतिकडे पाहिलं. आणि होती तिथेच, व्हरांड्याच्या अगदी मध्ये, इस्त्रीच्या फ्रॉकसकट फरशीवर बसली. गुडघे छातीशी घेतले, कपाळ गुडघ्यांवर टेकवलं, दोन्ही तळहात कानांवर दाबले. घराबाहेर ती असं पहिल्यांदाच बसली. लोक थबकले. कुणी "च्‌ च्‌" केलं, कुणी म्हणालं, एवढी मोठी मुलगी. समोरून चादरींची ढकलगाडी घेऊन एक कर्मचारी आला. "ओ बाई, पोरीला उचला जरा, रस्ता अडवलाय."

मी वाकले. उचलायचं की नाही ते अजून ठरलं नव्हतं.

पुढे गेलेल्या सासूबाई परत आल्या. माझ्याशी त्या अजून बोलत नव्हत्या. पदर खोचून त्या गाडीसमोर उभ्या राहिल्या.

"भिंतीच्या कडेने ने," त्या त्याला म्हणाल्या. "ती तिची तिची उठेल."